इब्री लोकांस पत्रातील इशारे नेमके कोणासाठी आहेत? (अध्याय ६, १० आणि १२)

बुधवारचा_वाचक (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. आमची मंडळी नगर जिल्ह्यातील एका लहान गावची आहे आणि दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे शास्त्रपाठाचा वर्ग भरतो. गेले काही महिने आम्ही बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्र वाचत आहोत. वर्गात एक गृहस्थ अकरा वर्षांनंतर पुन्हा येऊ लागले होते. मधल्या काळात त्यांनी केवळ उपासनेला येणे थांबवले होते असे नाही, तर घरातील एका तरुण मृत्यूनंतर ‘माझा आता यातील कशावरही विश्वास उरलेला नाही’ असे त्यांनी चारचौघांत सांगितले होते. सहावा अध्याय आला त्या दिवशी मोठ्याने वाचण्याची पाळी नेमकी त्यांचीच होती. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि त्यानंतर ज्यांचे पतन झाले, त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, अशा आशयाची चौथ्या ते सहाव्या वचनांतील ती वाक्ये त्यांनी शेवटपर्यंत वाचली, पुस्तक मिटले आणि ‘म्हणजे माझा निकाल लागलेलाच आहे’ एवढे म्हणून ते निघून गेले. त्यानंतरच्या दोन बुधवारी ते आलेले नाहीत.

मी वर्ग घेतो खरा, परंतु मी पाळक नाही आणि ग्रीक भाषा मला येत नाही. ‘तुमच्याविषयी ते लिहिलेले नाही’ असे सांगून त्यांना परत आणणे सोपे आहे, पण मग ते कोणाविषयी लिहिले आहे, हे मला सांगता आले पाहिजे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ठाम_मत

उत्तर शास्त्रातच आहे. माझी मेंढरे माझ्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही, असे प्रभूने योहानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याने चांगले काम आरंभिले तो ते सिद्धीस नेईल, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तर आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. ज्याचे तारण झाले त्याचे तारण कायमचे झाले, हा या सर्व वचनांचा सरळ अर्थ होय. मग सहाव्या अध्यायातील माणसे कोण? ती केवळ नावाची ख्रिस्ती होती. त्यांनी रुची घेतली, म्हणजे चव पाहिली, परंतु ते अन्न पोटात गेले नाही. ती आपल्यातून निघाली, पण ती आपल्यापैकी नव्हतीच, असे योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१९) म्हटले आहे. तुमच्या गृहस्थांना एवढेच सांगा की ते परत आले याचा अर्थ ते खरे आहेत.

जुनी_पोथी

ठाम_मत यांनी दिलेली वचने मलाही तितकीच प्रिय आहेत, तरीही ‘चव पाहिली पण गिळले नाही’ या स्पष्टीकरणाशी मी सहमत होऊ शकत नाही. ‘रुची घेणे’ यासाठी येथे वापरलेले ग्रीक क्रियापद याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील नवव्या वचनात आले आहे आणि तेथे येशूने सर्वांसाठी मरणाची रुची घेतली असे म्हटले आहे. मरणाची चव त्याने जिभेच्या टोकाने पाहिली, असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. ‘भागीदार’ हा शब्द तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात स्वर्गीय पाचारणाचे भागीदार असलेल्या बंधूंसाठी आला आहे. ‘प्रकाश मिळालेले’ ही शब्दयोजना दहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या वचनात पत्र वाचणाऱ्यांसाठीच केलेली आहे. लेखक आतल्या माणसांशीच बोलत आहे. त्यांना बाहेरचे ठरवून अडचण सोडवली, तर पत्र वाचण्याचे कारणच उरत नाही.

आता ‘अशक्य’ या शब्दाकडे वळते. इब्री लोकांस पत्रात तो चार ठिकाणी येतो. पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य (६:४), देवाने खोटे बोलणे अशक्य (६:१८), बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होणे अशक्य (१०:४) आणि विश्वासावाचून देवाला संतोषविणे अशक्य (११:६). त्यामुळे पहिल्या जागी तो सौम्य करून ‘कठीण’ असा वाचता येत नाही. परंतु ही चार वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की पत्राचा युक्तिवाद दिसू लागतो. ज्यांना हे पत्र लिहिले त्यांनी ख्रिस्ताच्या नावामुळे पूर्वी छळ सोसला होता आणि आपली मालमत्ता लुटली जात असतानाही आनंद मानला होता (१०:३२-३४). आता ते थकले होते आणि त्रास टाळण्यासाठी जुन्या यहुदी यज्ञव्यवस्थेच्या आडोशाला परत जावे असा मोह त्यांना होत होता, असे पत्राच्या एकूण रोखावरून दिसते. त्यांना लेखक बजावतो की ख्रिस्ताच्या या एका यज्ञाकडे पाठ फिरवून दुसरीकडे क्षमा शोधाल तर तेथे ती नाही, कारण पापांसाठी दुसरा यज्ञ उरलेलाच नाही (१०:२६). जो याच यज्ञाकडे परत येतो त्याला देव दारातून घालवून देईल, असे वाक्य मला संपूर्ण पत्रात सापडलेले नाही.

सहाव्या वचनात देवपुत्राला पुन्हा वधस्तंभावर खिळणे आणि त्याची उघड विटंबना करणे यांसाठी वर्तमानकाळी धातुसाधिते आहेत. ‘खिळले म्हणून’ असा त्यांचा अर्थ करणारे विद्वान आहेत आणि ‘खिळत असताना’ असा करणारेही आहेत. निव्वळ व्याकरणावर निकाल देऊ नये हे मान्य; तथापि लेखकाच्या डोळ्यांपुढे पाठ फिरवून उभा असलेला माणूस आहे, रडत परत येणारा नाही, या वाचनाला हे काळरूप अनुकूल आहे.

ठाम_मत

जेवणासाठी आपला जन्महक्क विकणारा एसावही रडत आला होता, ताई. इब्री १२:१७ वाचा. त्याने अश्रू ढाळून शोध केला तरी त्याला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही.

जुनी_पोथी

प्रश्न योग्य आहे आणि याच वचनाने इंग्रज लेखक जॉन बन्यनला दीर्घकाळ छळले होते. आपणही एसावाप्रमाणे आपला जन्महक्क, म्हणजे ख्रिस्तालाच, विकून बसलो आहोत या भयाने तो कसा पछाडला गेला होता, हे त्याने १६६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात पानेच्या पाने भरून लिहिले आहे. पण एसावाने अश्रू ढाळून शोधले ते काय? ग्रीकमध्ये तेथे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे आणि ‘पश्चात्ताप’ व ‘आशीर्वाद’ हे दोन्ही शब्द त्या भाषेत स्त्रीलिंगी असल्यामुळे ते कोणाकडेही वळू शकते. गंमत अशी की मराठीत दोन्ही पुल्लिंगी असल्याने ‘तो’ म्हटल्यावर आपल्याकडेही संदिग्धता जशीच्या तशी राहते. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात एसाव हंबरडा फोडतो तो ‘बाबा, मलाही आशीर्वाद द्या’ असे म्हणत. जेवणाच्या एका ताटासाठी जन्महक्क आपणच विकला, हे तो तेथे कबूल करत नाही; तो याकोबाने हिरावून घेतला असे म्हणतो. आपले काय गेले याचे रडणे वेगळे आणि आपण काय केले याचे रडणे वेगळे.

वसईकर_मी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी परंपरा थोडी निराळी आहे, तरी एक ऐतिहासिक मुद्दा मांडतो. हा प्रश्न प्रत्यक्ष माणसांच्या बाबतीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो तिसऱ्या शतकात. रोमन सम्राट डेसियस याने इ. स. २५० च्या सुमारास साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावेत आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी अर्पण केले. काहींनी प्रत्यक्ष काही न करता पैसे देऊन दाखला तेवढा मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसे मंडळीच्या दारात येऊन उभी राहिली.

रोममधील धर्मगुरू नोव्हेशियन आणि त्याचे अनुयायी अशा पतितांना सहभागितेत परत घेण्यास तयार नव्हते. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला. इ. स. २५१ मध्ये तेथे भरलेल्या धर्मसभेत असे ठरले की केवळ दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे आणि ज्यांनी बळी अर्पण केले होते त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, पण त्यांनाही मृत्युशय्येवर दूर ठेवू नये. पुढे नवा छळ येऊ घातला तेव्हा ही अट आणखी शिथिल करण्यात आली, कारण ज्यांना लढायला पाठवायचे त्यांना प्रभूच्या शरीररक्ताचे बळ न देता कसे पाठवायचे, असा सिप्रियनचा विचार होता. पुढच्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोस याने नोव्हेशियनपंथीयांना उत्तर देताना इब्री सहाचा संबंध दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देण्याशी जोडला. वधस्तंभ जसा एकदाच, तसा बाप्तिस्माही एकदाच. पश्चात्तापाचे दार मात्र उघडे आहे, असे त्याचे म्हणणे. आमच्याकडे पापनिवेदनाच्या संस्काराचे जे महत्त्व आहे, त्याच्यामागे हा सर्व इतिहास आहे. गंभीर पापाने कृपा गमावता येते आणि त्या संस्काराने ती परत मिळते, असे ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये स्पष्टपणे मांडले.

मार्टिन ल्यूथरलाही हे प्रकरण जड गेले होते. १५२२ च्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने या पत्रातील सहाव्या आणि दहाव्या अध्यायांना कठीण गाठ म्हटले आणि हे पत्र शेवटच्या चार पुस्तकांत नेऊन ठेवले. तेव्हा तुमच्या गृहस्थांना सांगा की या वाक्यांपाशी अडखळणारे ते काही पहिले नाहीत.

द्राक्षमळा

मी निफाडकडचा. योहानाच्या पंधराव्या अध्यायाचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो. ‘माझ्यात फळ न देणारा प्रत्येक फाटा तो काढून टाकतो’ येथील ‘काढून टाकतो’ याचा अर्थ खरे तर ‘उचलून तारेवर बांधतो’ असा आहे, असे एका संमेलनात मी ऐकले होते. ऐकायला ते फार गोड वाटते. परंतु आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि या दोन्ही वेळी बांधावर काड्यांचे केवढे ढीग पडतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला सहावे वचन टाळता येत नाही, कारण तेथे वाळलेले फाटे गोळा करून अग्नीत टाकतात असे साफ म्हटले आहे. दुसरी गोष्ट अशी की फळ देणाऱ्या फाट्यालाही कात्री लागतेच. कात्री लागली म्हणजे आपण टाकलेल्या ढिगात गेलो, असा समज तुमच्या गृहस्थांनी करून घेतला आहे काय, हे एकदा विचारून पाहावे.

बंदरावरचा

मी ख्रिस्ती नाही, हा विषय मला नवा आहे, परंतु धागा वाचून कुतूहलाने ते संपूर्ण पत्र एका बैठकीत वाचले. दोन गोष्टी मनात आल्या. चुकत असेन तर सांगावे. सहाव्या अध्यायात आधी पाऊस पिणारी आणि लागवडीखालची जमीन येते, तिच्यातून पीक उगवते किंवा काटेकुसळे उगवतात, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. जमिनीचा नांगर आणि होडीचा नांगर, एकाच पानावर. हे मुद्दाम केलेले आहे काय?

दुसरी गोष्ट दुसऱ्या अध्यायातील ‘वाहवत जाणे’ या शब्दाची. आमच्या घरच्या होड्या होत्या. नांगर धरेनासा झाला तर होडीत बसलेल्या माणसाला ते लगेच कळत नाही, कारण त्याच्या भोवतीचे पाणी त्याच्याबरोबरच सरकत असते. किनाऱ्यावरची एखादी खूण, एखादे देऊळ किंवा माड, धरून ठेवलेला असेल तरच ते लक्षात येते. नाहीतर दुसऱ्या होडीवरून कोणीतरी हाक मारावी लागते.

जुनी_पोथी

नांगराचा योग केवळ मराठीचा आहे, कारण ग्रीकमध्ये ते शब्द एकमेकांशी संबंधित नाहीत. पण मराठी वाचकाला तो दिसणे स्वाभाविक आहे आणि खरे सांगायचे तर इतकी वर्षे हे पत्र वाचूनही माझ्या लक्षात आला नव्हता. दुसऱ्या अध्यायातील शब्द खरोखरच प्रवाहाबरोबर बाजूने वाहून जाण्याचा आहे.

आपण होडीचा विषय काढलात म्हणून प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ पाहावा असे सुचवते. जहाजावर २७६ माणसे आहेत. वादळात पौल त्यांना सांगतो की तुमच्यापैकी कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, कारण देवाच्या दूताने मला तसे आश्वासन दिले आहे. पुढे खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडीतून पळण्याचा बेत करतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला बजावतो की हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. आश्वासन खरे होते आणि इशाराही खरा होता. इशारा ऐकून शिपायांनी होडीचे दोर कापले आणि त्यामुळेच आश्वासन पुरे झाले.

ठाम_मत

हे मला पटते, आणि माझ्या परंपरेविरुद्धही ते नाही. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या प्रोटेस्टंट धर्मसभेने संतांच्या टिकून राहण्याविषयीच्या प्रकरणात, चौदाव्या कलमात, असेच म्हटले आहे की देव सुवार्तेच्या श्रवणाने, वाचनाने, मननाने, तसेच तिच्यातील बोधाने, धमक्यांनी आणि वचनांनी आपले काम टिकवतो व पूर्ण करतो. म्हणजे इशारा हे राखण्याचेच एक साधन आहे. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या अनुयायांशी माझे मतभेद कायम आहेत; त्यांच्या मते खरा विश्वासीदेखील अखेर हरवू शकतो. पण वर मी ‘ते परत आले याचा अर्थ ते खरे आहेत’ असे घाईने लिहिले, ते मागे घेतो. उद्या ते पुन्हा डगमगले, तर त्याच वाक्याने मी त्यांना खोटे ठरवणार.

बुधवारचा_वाचक

आपणा सर्वांचे आभार. आमची मंडळी उत्तर भारत मंडळीतील आहे. १९७० साली नागपूरला ती एकत्र आली तेव्हा काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, ब्रिटिश मेथडिस्ट अशा अनेक परंपरा एका छपराखाली आल्या, त्यामुळे आमच्या वर्गात ठाम_मत यांचे मतही बसते आणि त्याच्या उलट मतही बसते. एक शंका मात्र उरते. परत येणाऱ्याविषयी आपण लिहिले. पण जो मजेत निघून गेला आहे आणि ज्याला याची काहीच पर्वा नाही, त्याच्यापर्यंत हा इशारा पोहोचायचा कसा? तो तर वर्गात नसतोच.

सातवी_बाक

मी बहुधा फक्त वाचते, आज लिहिते. वरील चर्चेत सर्वांनी ‘तो एक माणूस’ धरून विचार केला आहे. मी आज या पत्रातील सर्व इशाऱ्यांची वाक्ये वहीत उतरवली आणि ती कोणाला उद्देशून आहेत, एवढेच पाहिले. ती जवळजवळ सगळी अनेकवचनी आहेत. तिसऱ्या अध्यायात ‘बंधूंनो, तुमच्यातील कोणाचे मन अविश्वासी होऊ नये म्हणून जपा’ असे आहे आणि लगेच उपाय दिला आहे की ‘आज’ म्हटले जात आहे तोपर्यंत प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा. दहाव्या अध्यायातील भयंकर वाक्यांच्या अगदी आधी एकमेकांकडे लक्ष देण्याविषयी आणि एकत्र मिळणे न सोडण्याविषयी सांगितले आहे. एसावाची गोष्टही ‘देवाच्या कृपेला कोणी उणे पडू नये याकडे लक्ष द्या’ या वाक्यातून निघते. हे लक्ष द्यायला एसावाला सांगितलेले नाही. त्याच्या आसपासच्या लोकांना सांगितलेले आहे. वचनदत्त देशाच्या सीमेवर, कादेशबर्ण्यात, यहोशवा आणि कालेब यांचे न ऐकता इस्राएलांच्या साऱ्या समुदायाने माघारी फिरायचे ठरवले, ते उदाहरणही एकट्यादुकट्याचे नाही.

तेव्हा बुधवारचा_वाचक, मला क्षमा करा, पण एक विचारते. ते गृहस्थ ज्या अकरा वर्षांत येत नव्हते, त्या काळात तुमच्यापैकी कोणी त्यांच्या घरी गेले होते काय?

बुधवारचा_वाचक

नाही. दफनविधीनंतर पहिल्या महिन्यात काही जण गेले होते. पुढे त्यांनी तसे बोलून दाखवल्यावर ‘त्यांना थोडा वेळ द्यावा’ असे ठरले आणि तो वेळ अकरा वर्षांचा झाला. मी स्वतः त्यांना बाजारात अनेकदा पाहिले आहे आणि काय बोलावे हे न सुचल्याने दुसऱ्या बाजूने गेलो आहे. आम्हाला लिहिलेले वाक्य आम्ही त्यांच्याकडून वाचून घेतले, हे आपण लिहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

वसईकर_मी

आता त्यांच्याकडे जाल तेव्हा व्याकरण घेऊन जाऊ नका, एवढीच विनंती.

जुनी_पोथी

व्याकरण नको हे खरेच. पण पुस्तक काढायची वेळ आली, तर सहावा अध्याय नवव्या वचनापासून वाचा. इतके कठोर बोलून झाल्यावर लेखक तेथे वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची, तारणाशी निगडित गोष्टींची खात्री आहे, असे सांगतो. संपूर्ण पत्रात हे संबोधन याच एका ठिकाणी आहे.

बुधवारचा_वाचक

या बुधवारी वर्ग ठेवलेला नाही. त्याच वेळी त्यांच्याकडे येऊ का, असे फोनवर विचारले, तेव्हा थोडा वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग ‘चहा ठेवतो’ म्हणाले. वर्गातील आणखी दोघे बरोबर येत आहेत.